घाट चढल्यावर जीप मिस मारते

प्रश्न : दादा, नमस्कार. माझी चार सिलिंडरची जुनी पेट्रोल जीप आहे. हंगामात बागेतून आंब्याच्या पेट्या काढायला तीच, आणि फोंडा घाटाने कोल्हापूरला न्यायलाही तीच. बिडाचा मूळ मॅनिफोल्ड (इंजिनाचा धूर सायलेन्सरकडे नेणारा भाग) तडकला म्हणून दिवाळीनंतर त्याजागी नळ्यांचा हेडर बसवून घेतला. प्लग हेडरच्याच बाजूला आहेत. घाट चढेपर्यंत गाडीची काही तक्रार नसते. वर दाजीपूरला चहा घेऊन पुन्हा सुरू केली की मिस मारते आणि सायलेन्सरमध्ये फटाके वाजतात. कार्बोरेटर साफ केला, प्लग नवे टाकले. मेकॅनिकला तिसऱ्या प्लगची वायर करपलेली दिसली, त्याने टेप गुंडाळून दिली. चार दिवस बरे गेले, पुन्हा तेच. पेट्या भरून निघायची भीती वाटू लागली आहे.
— एक बागायतदार, देवगड तालुका

उत्तर : तुमच्या मेकॅनिकने दुखणं बरोबर ओळखलंय, औषध तेवढं चुकलं. कार्बोरेटरला आता हात लावू नका, त्याचा यात काही दोष नाही.

बिडाचा मॅनिफोल्ड जाड असतो आणि इंजिनाला चिकटून बसतो. हेडरच्या नळ्या पातळ पत्र्याच्या. त्या लगेच तापतात, आणि वळणं घेत नेमक्या प्लगच्या कॅपखालून, म्हणजे वायरीच्या टोकाला असलेल्या टोपीखालून जातात. भरलेली गाडी दुसऱ्या गिअरात घाट चढत असते तेव्हा हेडजवळच्या नळीचं तापमान 400 अंशांच्या वर सहज जातं. चांगल्या सिलिकॉन वायरीचं आवरण साधारण 200 अंशांपर्यंत टिकतं. बाजारातल्या स्वस्त रबरी वायरीला तेवढंही सोसत नाही. आवरण आधी कडक होतं, मग त्याला बारीक चिरा जातात. आत 15 ते 25 हजार व्होल्टचा करंट असतो. प्लगच्या फटीतून उडी मारण्यापेक्षा चिरेतून हेडरवर उतरणं त्याला सोपं. तो सिलिंडर पेटत नाही, त्यातलं न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमध्ये जाऊन पेटतं. तेच तुमचे फटाके.

आणि हे चहानंतरच का होतं? गाडी थांबली की रस्त्याचा वारा थांबतो, पंखा थांबतो, रेडिएटरमधलं पाणी फिरायचं थांबतं. हेडर मात्र लाल व्हायच्या बेतात असतो. पुढची दहा-पंधरा मिनिटं बॉनेटखालची उष्णता कमी न होता वाढत जाते. वायर सर्वात जास्त भाजते ती तुम्ही चहा पीत असताना. थांबल्याबरोबर बॉनेट उघडून ठेवायची सवय लावा, एवढ्यानेही फरक पडेल.

खात्री करून घ्यायची असेल तर रात्री अंगणातले दिवे मालवा, इंजिन चालू ठेवून बॉनेट उघडा आणि वायरींकडे बघा. गळका करंट निळसर ठिणगीने दिसतो, टिकटिक ऐकू येते. दिसलं नाही तर फवाऱ्याच्या बाटलीने वायरींवर पाण्याचे अगदी हलके तुषार मारा. तापलेल्या हेडरवर पाणी उडवू नका. कुठे पेट्रोल गळत असेल तर ही परीक्षा मुळीच करायची नाही. चालू इंजिनाच्या वायरीला हातही लावायचा नाही. दुसरी परीक्षा मल्टिमीटरची, इंजिन बंद आणि थंड असताना. कार्बन कोरची वायर (आत धातूऐवजी कार्बनचा गाभा असलेली) फुटाला साधारण 3 ते 12 हजार ओम दाखवते. एकच वायर बाकीच्यांपेक्षा फार वेगळी बोलली तर ती गेली. पण आकडा बरोबर आला म्हणून वायर चांगली असं समजू नका. आतला गाभा शाबूत आणि आवरण चिरलेलं, हे मी नेहमी बघतो.

आता दुरुस्ती. एक वायर बदलून भागणार नाही, चारही सिलिकॉनच्या घ्या. टेप काढून टाका. काळी इन्सुलेशन टेप त्या आचेवर वितळते, मग जळून कोळसा होते, आणि कोळशातून करंट आणखी सोपा वाहतो. बागेतल्या पाण्याच्या पाइपचा तुकडा वायरीवर चढवलेलाही मी पाहिलाय. तोही नको.

वायर घेताना कॅपचा कोन बघा, माझ्या मते सगळं यावर आहे. तुमच्या हेडरला सरळ कॅप बसली की वायर नळीवर वाकते. काटकोनातली कॅप घेऊन वायर वरच्या बाजूला, टॅपेट कव्हरकडे (इंजिनाच्या माथ्यावरच्या झाकणाकडे) वळवा. कॅप बसवताना हलकी 'टक' जाणवली पाहिजे. लांबी अशी हवी की वायर ताणलीही जाणार नाही आणि लोंबणारही नाही. नळीपासून किमान एक इंच अंतर, जमलं तर दोन.

हे अंतर बंद गाडीत मोजून समाधान मानू नका. इंजिन फाउंडेशनवर, म्हणजे ते ज्या रबरी आधारांवर बसवलेलं असतं त्यांवर, डुलतं. कुणाला तरी स्टिअरिंगवर बसवून झटक्याने रेस द्यायला सांगा आणि तुम्ही बाजूला उभे राहून बघा. जुन्या जीपचं फाउंडेशनचं रबर बसलेलं असतं, इंजिन चांगलं अंगुळभर कलतं आणि इंचाची फट अर्धी होते. तसं दिसलं तर आधी फाउंडेशन बदला.

वायर जागेवर धरायला प्लॅस्टिकचे केबल टाय हेडरजवळ वापरू नका, उष्णतेने ठिसूळ होऊन तुटतात आणि वायर थेट नळीवर पडते. आत सिलिकॉन रबर असलेली धातूची क्लिप टॅपेट कव्हरच्या बोल्टला लावा. वायरी एकत्र जुडी करून बांधू नका. तुमच्या इंजिनाचा फायरिंग क्रम, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम, 1-3-4-2 असेल, तर 3 आणि 4 शेजारीही आहेत आणि लागोपाठ पेटतातही. त्यांच्या वायरी लांबवर जोडीने नेल्या तर एकीचा करंट दुसरीत उमटतो आणि चौथा सिलिंडर अवेळी पेटू शकतो. त्या दोन वेगळ्या ठेवा, ओलांडायच्याच असतील तर काटकोनात ओलांडा.

एवढं करून तिसऱ्या प्लगशी जागा कमीच पडली तर फायबरग्लासची विणलेली हीट स्लीव्ह (आच अडवणारी बाही) कॅपसकट चढवा. वायर नळीला टेकली तरी चालेल, असा मात्र तिचा अर्थ नाही. तिच्यामुळे उष्णता उशिरा पोचते, पोचते मात्र नक्की. त्यापेक्षा हेडर आणि प्लगच्या मध्ये पत्र्याचं शील्ड, दोन्हीकडे हवा खेळेल असं, मला जास्त भरवशाचं वाटतं.

कुणीतरी तुम्हाला हेडरला आच अडवणारी पट्टी गुंडाळायला सांगेल. देशावर ती चालून जाते. आपल्या किनाऱ्यावर साध्या पोलादाच्या नळीला गुंडाळू नका. जून ते सप्टेंबर ती ओल धरून ठेवते, खारी हवा आत मुरते आणि नळी पट्टीखाली आतल्या आत सडते. सोडाल तेव्हा पापुद्रे हातात येतील. खर्च करायचाच असेल तर नळ्यांना सिरॅमिक कोटिंग करून घ्या. आणि मनापासून सांगू? पेट्या वाहणाऱ्या जीपला हेडरची गरज नाही. तुमच्या इंजिनाचा बिडाचा मॅनिफोल्ड चांगल्या स्थितीत कुठे मिळाला तर तोच परत बसवा.

प्रश्न : पावसाळ्यात सकाळी माझी मोटारसायकल किक मारून मारून सुरू होते. एकदा तापली की दिवसभर छान. हीही वायरच का?
— एक शिक्षिका, गुहागर

उत्तर : बहुधा प्लगची कॅप. तुमचा प्रकार वरच्या गृहस्थांच्या उलटा आहे, त्यांची गाडी तापल्यावर बिघडते, तुमची तापल्यावर सुधारते. म्हणजे ओल. समुद्राजवळ प्लगच्या पांढऱ्या चिनी मातीवर मिठाचा थर बसतो. रात्री त्याला दमटपणा लागला की करंट त्या थरावरून बाहेरच उतरतो. इंजिन थंड असताना कॅप धरून, थोडी फिरवून काढा, वायर ओढू नका. प्लगचा पांढरा भाग कोरड्या फडक्याने स्वच्छ पुसा, कॅपच्या आत बघा. चीर किंवा पेन्सिलीने ओढल्यासारखी काळी रेघ दिसली तर कॅप बदला. नसेल तर कॅपच्या तोंडाशी आतून थोडं सिलिकॉन ग्रीस लावून घट्ट बसवा. चाकाचं साधं ग्रीस नको, ते रबर फुगवतं. वायर जिथे कॅपमध्ये शिरते तिथलं टोक हिरवट झालं असेल तर अर्धा सेंटिमीटर कापून पुन्हा बसवा, तेवढी वायर शिल्लक असली तर.