आईला इतक्या वर्षांनी भीती का वाटू लागली?

"निवृत्त झाल्यापासून आई बदललीये. रात्र रात्र जागी असते, पलंगाखाली पाण्याच्या बाटल्या भरून ठेवते, सारखं डोकं दुखतं म्हणते. तपासण्या मात्र सगळ्या नॉर्मल. तिला वेड तर लागत नाहीये ना?"

कॅलिफोर्नियात सॅन होजेला व्हिएतनामी कुटुंबांबरोबर काम करताना हा प्रश्न थोड्याफार फरकाने माझ्यापुढे सारखा येतो. विचारणारी मुलं चाळिशी-पन्नाशीतली असतात. आईवडील युद्धातून जीव वाचवून आले एवढंच त्यांना ठाऊक असतं. त्यापुढचं घरात कधी कुणी बोललेलं नसतं. त्यांतल्याच एका घराबद्दल लिहिते आहे. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

या आईंनी सत्तरी ओलांडलेली. ३० एप्रिल १९७५ रोजी दक्षिण व्हिएतनामची राजधानी सायगॉन उत्तरेच्या कम्युनिस्ट फौजांच्या हाती पडली. नवरा दक्षिण व्हिएतनामच्या सैन्यात, त्यामुळे नवऱ्याला 'पुनर्शिक्षण' छावणीत, म्हणजे नव्या सरकारच्या कैदेत, डांबलं गेलं. ते सुटून आल्यावर १९७९ मध्ये दोघं तान्ह्या मुलीला घेऊन रात्री मासेमारीच्या होडीत बसले. १९७५ नंतरच्या वीस वर्षांत सुमारे आठ लाख माणसं अशी समुद्रमार्गे दुसऱ्या देशांच्या किनाऱ्याला लागली. किती बुडाली, किती चाच्यांच्या हाती सापडली, याचा नेमका हिशेब कुणाकडेच नाही. यांची होडी मलेशियाच्या पुलाउ बिदोंग बेटावर पोचली. जेमतेम एक चौरस किलोमीटरचं ते बेट, आणि त्या वर्षी तिथे सुमारे ४०,००० माणसं कोंबलेली. पिण्याचं पाणी मोजून मिळायचं.

पलंगाखालच्या बाटल्यांचा उलगडा इथे होतो. त्या काढून फेकू नका, असं मी मुलीला पहिल्याच भेटीत सांगितलं.

अमेरिकेत आल्यावर आईंनी इलेक्ट्रॉनिक्सच्या कारखान्यात जुळणीचं काम धरलं. जादा पाळ्या केल्या, घर घेतलं, मुलीला शिकवलं. आठवणींना वर यायला सवडच मिळाली नाही. मग नोकरी संपली, नवरा गेला, मुलगी आपल्या संसारात गेली. दिवस रिकामा झाला आणि समुद्र परत आला. हे वेड नाही, आईचा कमकुवतपणा तर मुळीच नाही. ऑस्ट्रेलियात स्थायिक झालेल्या व्हिएतनामी निर्वासितांचा एक मोठा अभ्यास २००२ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला होता. बहुतेकांचा मानसिक त्रास वर्षांगणिक ओसरत गेलेला दिसला; पण ज्यांनी एकावर एक आघात सोसले होते, त्यांच्यात दहा वर्षांनंतरही धोका टिकून होता. मला तो दिलासा देणारा वाटतो, कारण बहुतेक माणसं सावरतात हेही त्यातूनच दिसतं.

मुलीची इच्छा होती की दुभाषी तिनेच व्हावं. मी नको म्हटलं. जे लेकीपासून आयुष्यभर लपवलं, ते आई लेकीच्याच तोंडून मला कसं सांगणार? गावातला दुभाषीही नको होता. समाज लहान, बोलणं बाहेर जाईल ही त्यांची भीती खरी होती. शेवटी दुसऱ्या शहरातली, दक्षिणेकडच्याच बोलीची एक बाई फोनवर मिळाली.

सुरुवातीच्या भेटींत होडीचा विषय मी काढलाच नाही. झोप, डोकेदुखी, जेवण, देवळात जाणं, एवढंच. डॉक्टरांनी स्मृतिभ्रंशाची चाचणी केली, थायरॉइड पाहिलं, औषधं तपासली. हे आधी व्हायलाच हवं. सगळंच युद्धावर ढकलून चालत नाही.

मग एके दिवशी नवऱ्याच्या वर्षश्राद्धाच्या स्वयंपाकाबद्दल बोलता बोलता त्या थांबल्या. धाकटा भाऊ दुसऱ्या होडीने निघाला होता. ती होडी कुठेच लागली नाही. तो कधी गेला ते माहीत नाही, त्यामुळे तिथी नाही, आणि तिथी नाही म्हणून इतक्या वर्षांत त्याच्या नावाने ताट वाढलेलं नाही. त्याला आपणच निघायला लावलं, हे ओझं त्या एकट्या वाहत होत्या. पुढचे कित्येक महिने आम्ही यावरच बोललो. भाऊ ज्या दिवशी निघाला तोच दिवस धरायचा, हे त्यांनी देवळातल्या भिक्षूंना विचारून स्वतः ठरवलं. मामा होता हे मुलीला तेव्हा पहिल्यांदा कळलं. झोप पूर्ण सुधारलेली नाही, पण बऱ्याच रात्री त्या चार-पाच तास सलग झोपतात.

म्हणून मुलांना माझं सांगणं असं. "तिकडे काय झालं ते सांग," असं समोर बसवून विचारू नका. सोबत भाजी चिरा, जुने फोटो लावायला बसा. आपणहून बोलल्या तर ऐका, थांबल्या तर थांबू द्या. वडिलांच्या बाबतीत हाच त्रास पुष्कळदा संताप किंवा दारू होऊन बाहेर पडतो, तो ओळखा. जगण्यात अर्थ नाही असं कुणी बोललं तर त्याच दिवशी मदत घ्या. आणि डॉक्टरकडे जाताना दुभाष्याची मागणी आधीच नोंदवा. सरकारी निधी घेणाऱ्या अमेरिकी रुग्णालयांना तो मोफत द्यावा लागतो, त्यासाठी मुलाची किंवा नातवाची शाळा बुडवायची गरज नाही.