सायकलवर दोघं, शेजारी डॅन्यूब

तुम्ही विचारलंय की नवऱ्याला सायकलची चांगली सवय आहे, तुम्हाला मुळीच नाही, दोघांनीही पन्नाशी ओलांडली आहे आणि नदीकाठाने आठवडाभर सायकल चालवायची फार इच्छा आहे. जमेल का, आणि पहिल्यांदा कुठे जावं?

जमेल. आमच्या घरी अगदी हीच स्थिती होती. हे पुण्यात दर रविवारी ग्रुपबरोबर घाट चढणारे, आणि मी कॉलेज सुटल्यापासून सायकलला हात न लावलेली. मी ५४ वर्षांची असताना जुलै महिन्यात आम्ही जर्मनीतल्या पासाऊपासून ऑस्ट्रियातल्या व्हिएन्नापर्यंत डॅन्यूब नदीच्या काठाने गेलो. सात दिवस, साधारण सव्वातीनशे किलोमीटर. तुम्हीही तिथूनच सुरुवात करा, असं मी अगदी मनापासून सांगेन.

मुख्य म्हणजे या वाटेला चढ जवळजवळ नाहीच. पूर्वी प्रवाहाच्या उलट जाणाऱ्या मालाच्या नावा काठावरून घोडे ओढून नेत. त्या घोड्यांसाठी पाण्यालगत जी वाट राखलेली होती, तिच्यावरूनच आज पुष्कळ ठिकाणी सायकली जातात. तिकडे तिला ‘ट्रेपेलवेग’ म्हणतात, पाट्यांवरही हा शब्द दिसतो. भरलेली नाव ओढणाऱ्या घोड्याला झेपली ती वाट आपल्या गुडघ्यांनाही झेपते. शिवाय जायचं नदीच्या ओघाबरोबर, आणि वारा बहुतेक वेळा पश्चिमेचा, म्हणजे पाठीवर. चुकायची भीती नाही, कारण अटलांटिकपासून काळ्या समुद्रापर्यंत जाणाऱ्या ‘युरोव्हेलो ६’ या सायकलमार्गाचाच हा तुकडा आहे आणि फाट्याफाट्यावर खुणा आहेत.

काठावर नदीचे किलोमीटर दाखवणाऱ्या पाट्याही आहेत, पण त्या मुखाकडून मोजलेल्या. पासाऊला आकडा २२२५ च्या आसपास असतो आणि व्हिएन्नाला १९२९ च्या. पुढे जावं तसा तो कमी होत जातो. पाय भरून आलेल्या दुपारी त्या पाट्यांनी मला फार धीर दिला.

आता मुख्य गोष्ट, जी मला आधी कुणी सांगितली नव्हती. पहिल्या दिवशी पासाऊहून श्ल्योगेन या गावाला जाताना हे पुढे आणि मी मागे. एका बाजूला झाडी, दुसऱ्या बाजूला हिरवट पाणी, वाट इतकी सुंदर, पण मला दिसत होती ती फक्त यांची लांब जाणारी पाठ. दर पाच-सहा किलोमीटरवर हे एखाद्या बाकापाशी थांबायचे. मी धापा टाकत पोचले की उठायचे आणि म्हणायचे, “आलीस? चल, निघूया.” तिसऱ्या बाकापाशी मी सायकल गवतात आडवी केली आणि म्हटलं, “अहो, तुमचा विसावा झाला. माझा कधी होणार?” हे एकदम गप्प झाले. त्यांच्या खरंच लक्षात आलं नव्हतं की थांबण्याचा सगळा वेळ त्यांनाच मिळत होता आणि मी सकाळपासून सलग चालवत होते.

दुसऱ्या दिवसापासून मी पुढे. वेग माझा, थांबायचं मी म्हणेन तिथे. जास्तीचं सामान, म्हणजे पंक्चरचं किट, पंप, दोघांचे रेनकोट, सगळं यांच्या पॅनियरमध्ये, म्हणजे सायकलच्या मागच्या चाकाला लटकवायच्या पिशव्यांमध्ये. त्यामुळे त्यांनाही पुरेसे कष्ट पडायचे आणि माझी सायकल हलकी राहायची. याला अपवाद एकच, समोरचा वारा. व्हिएन्नाच्या अलीकडच्या टुल्न गावाआधी मोकळ्या शेतात पूर्वेचा वारा तोंडावर आला तेव्हा हे पुढे झाले आणि मी त्यांच्या चाकामागे दोन हातांवर राहिले. कुणाच्या आडोशाला चालवलं की किती फरक पडतो, ते त्या दिवशी कळलं.

रोज ४५ ते ५० किलोमीटरच ठेवा. हे म्हणत होते की ७० सहज होतील. झालेही असते, पण मग माउटहाउझेनला थांबता आलं नसतं. लिंझ शहराच्या पुढे वीसेक किलोमीटरवर, नदीपासून वर टेकडीवर, १९३८ ते १९४५ या काळातली नाझी छळछावणी आहे. आम्ही सायकली ढकलत वर गेलो. ग्रॅनाइटच्या खाणीतून वर येणाऱ्या १८६ पायऱ्या आहेत, पाठीवर दगड देऊन कैद्यांना त्या चढायला लावत. ही छावणी आणि तिच्या शाखा मिळून सुमारे १ लाख ९० हजार माणसं आणली गेली, त्यातली किमान ९० हजार मेली. खाली नदी तशीच शांत वाहताना दिसते. त्या संध्याकाळी आम्ही दोघं फारसं बोललो नाही. तरीही हा थांबा वगळू नका.

मेल्कच्या मोठ्या पिवळ्या मठापासून क्रेम्सपर्यंतच्या वाखाऊ खोऱ्यासाठी एक पूर्ण दिवस राखून ठेवा. अंतर जेमतेम ३५-४० किलोमीटर, पण तिथे घाई करणं म्हणजे पाप. ऑस्ट्रियात डॅन्यूबवर ठिकठिकाणी वीजनिर्मितीचे बंधारे आहेत (त्यांतल्या काहींवरून आपण सायकलनेच नदी ओलांडतो), वाखाऊत मात्र ती मोकळी धावते. श्पिट्झ गावाजवळची नाव या धावत्या पाण्यावरच चालते. नदीच्या आरपार उंचावर जाड तारदोर ताणलेला आहे आणि त्यावरून सरकणाऱ्या कप्पीला नाव दोराने अडकवलेली. नावाडी सुकाणू वळवून नाव प्रवाहाला तिरकी धरतो, पाणी तिला ढकलतं आणि ती पलीकडे सरकत जाते. इंजिन नाही. नुसता पाण्याचा खळखळाट आणि वरच्या कप्पीची कुरकुर.

माझ्या सासूबाईंनी नर्मदा परिक्रमा केली होती. तिथे नदी उजव्या हाताला ठेवायची आणि मध्ये कुठेही ओलांडायची नाही. इथे आम्ही दिवसातून दोनदा ओलांडत होतो. पण नावेतून उतरल्यावर हे काठाशी गेले, पाण्यात हात बुडवला आणि ओली बोटं डोळ्यांना लावली. आईची आठवण आली, एवढंच म्हणाले.

तयारी तीन महिने आधी सुरू करा. आम्ही आधी खडकवासल्यापर्यंत, मग पानशेतच्या रस्त्याला जायचो. एका दिवशी खूप चालवण्यापेक्षा शनिवार-रविवार लागोपाठ चालवणं महत्त्वाचं, कारण खरा त्रास दुसऱ्या दिवशी सीटवर बसताना होतो. पॅडची चड्डी घ्याच. इथून सायकली नेऊ नका, पासाऊला भाड्याने मिळतात आणि व्हिएन्नात परत करता येतात. मला मिळालेल्या सायकलच्या सीटचा नट ढिला होता, तो वाटेत कळला. म्हणून दुकानासमोरच दोन चकरा मारा, ब्रेक दाबून बघा, सीटची उंची नीट करून घ्या. म्युनिकला उतरून रेल्वेने पासाऊ अडीच तासांच्या आत येतं. पण उतरलात जर्मनीत, तरी जास्त रात्री ऑस्ट्रियात काढणार असाल तर शेंगेन व्हिसासाठी (युरोपातल्या बहुतेक देशांना चालणारा एकच व्हिसा) अर्ज ऑस्ट्रियाकडे करावा लागतो.

रविवारी किराणा दुकानं बंद असतात, त्यामुळे शनिवारीच पाव, चीज, फळं घेऊन ठेवा. शाकाहारी असाल तर जुलैत वाखाऊमध्ये ‘मारिलेनक्न्योडल’ नक्की खा. मऊ पिठाच्या पारीत अख्खा ताजा जर्दाळू भरून उकडतात आणि लोण्यावर परतलेल्या पावाच्या चुऱ्यात घोळवतात. पहिला घास घेतला आणि मला घरचा उकडीचा मोदक आठवला. बागांच्या कडेला शेतकरी जर्दाळूच्या टोपल्या मांडून ठेवतात, बऱ्याचदा शेजारी माणूस नसतो, फक्त पैशांची पेटी असते. म्हणून खिशात सुटी नाणी असू द्या.