अहवाल ‘हो’च म्हणणार असेल, तर मुलीला शिकवता कशाला?

पत्र (संक्षिप्त): मुलगी प्राणिशास्त्राच्या पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे. गुण ५८ टक्के, बेताचेच. मी नुकताच निवृत्त झालो. एका परिचितासोबत भागीदारीत खाडीच्या तोंडाशी पिंजऱ्यांतलं (पाण्यात सोडलेल्या जाळ्यांतलं) मत्स्यपालन करायचं ठरवलं आहे. पाणी बारा महिने उबदार, म्हणजे मासे झपाट्याने वाढणार. मी एका दुपारी मीटर नेऊन प्राणवायू मोजला, लिटरला ७.४ मिलिग्रॅम भरला. २०१७ च्या एका जागतिक अभ्यासातही उष्ण किनारे योग्य ठरले आहेत. कर्जासाठी व्यवहार्यता अहवाल लागतो. मुलीने सहा महिन्यांचा कोर्स करून तो लिहावा, तिचंही करिअर मार्गी लागेल. ती म्हणते, आधी वर्षभर मोजू. भागीदार तेवढा थांबणार नाही. शिवाय मुलीच्या जातीला बोटीवर कसं पाठवायचं? कोणता कोर्स चांगला? — एक वडील

उत्तर:

गुणांबद्दल तुम्ही जवळजवळ माफीच मागितली आहे. त्याची गरज नव्हती. तुमच्या पत्रात मला खटकलं ते वेगळंच. अहवाल अजून लिहिलेला नाही, पण त्याचा निष्कर्ष तुमच्याकडे तयार आहे. जागा ठरली, भागीदार ठरला, कर्ज ठरलं. आता त्याखाली सही हवी आहे आणि ती घरातच फुकट मिळेल असा हिशेब आहे.

व्यवहार्यता तपासणाऱ्याला एकच अधिकार असतो, तो म्हणजे ‘इथे नको’ म्हणण्याचा. बाविशीच्या आतल्या मुलीने, ज्यांनी तिची फी भरली त्या वडिलांना, त्यांच्या निवृत्तीच्या पैशांबद्दल, आणि तेही भागीदारासमोर ‘नको’ म्हणावं, ही अपेक्षा तुम्ही केलेली नाही. तिने तसं म्हणू नये हेच तुमच्या पत्रात ओळीओळीतून दिसतं. उद्या पिंजऱ्यातले मासे मेले, तर घरात बोट कोणाकडे वळेल? अहवालावर नाव तिचं असेल. व्यवसायातलं तिचं पहिलंच काम घरची आपत्ती ठरेल. तिच्या करिअरची सुरुवात अशी करून देऊ नका.

आणि ‘आधी वर्षभर मोजू’ हे तिचं वाक्य तुम्ही तक्रार म्हणून लिहिलंय. तुमच्या संपूर्ण पत्रात शास्त्राला धरून असलेलं ते एकमेव वाक्य आहे.

तुमच्या त्या ७.४ कडे बघू. तुम्हाला तो आकडा भक्कम वाटतो, मला तो शंकास्पद वाटतो. समुद्राचं पूर्ण खारं पाणी ३० अंश सेल्सिअसला असेल, तर हवेतून त्यात मावणारा प्राणवायू लिटरला साधारण ६.२ मिलिग्रॅम. तुमचा आकडा त्याच्या बराच वर आहे. म्हणजे एकतर मीटर नीट जुळवलेला नव्हता, किंवा तिथलं पाणी गोडसर होतं, किंवा पाण्यात सूक्ष्म वनस्पती भरपूर आहेत आणि दुपारच्या उन्हात त्या प्राणवायू सोडत होत्या. तिसरी शक्यता खरी असेल, तर त्याच वनस्पती रात्रभर तोच प्राणवायू ओढून घेतात. त्या पाण्याची खरी अवस्था पहाटे कळते, सूर्य उगवायच्या आधी, पृष्ठभागावर नव्हे तर जाळीच्या तळाशी, आणि तेही भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या मंद भरती-ओहोटीच्या, दिवसांत. उधाणाला प्रवाह जोरात असतो, तेव्हा कुठलीही जागा चांगलीच दिसते. भांगात पाण्याची ये-जा मंदावते. सरासरीने मासे मरत नाहीत, वर्षातल्या एखाद्या वाईट पहाटे मरतात. ती पहाट तुमच्या खाडीत कधी येते आणि किती वाईट असते, हे शोधणं म्हणजे व्यवहार्यता तपासणं. म्हणून वर्ष लागतं.

हा हिशेब मुलीकडून करून घ्या, तिला पाच मिनिटं लागतील. पिंजरा १० मीटर व्यासाचा, जाळी ५ मीटर खोल, म्हणजे सुमारे ३९० घनमीटर पाणी. आत १० टन मासे. खाणं झाल्यावर एक किलो मासा तासाला ४०० मिलिग्रॅम प्राणवायू घेतो असं धरलं, तर सगळे मिळून तासाला ४ किलो. पाण्यात लिटरला ५.५ मिलिग्रॅम प्राणवायू असेल, तर पिंजऱ्यातला एकूण साठा दोन किलोंच्या थोडा वर. प्रवाह पूर्ण थांबला, तर कागदावर तो जेमतेम अर्धा तास पुरतो. प्रत्यक्षात पाणी इतकं निश्चल राहत नाही आणि मासेही ते ढवळत असतात, हे खरं. पण प्राणवायू पूर्ण संपेपर्यंत मासे तग धरत नाहीत, त्याच्या बऱ्याच आधी गुदमरतात. गंमत अशी की, प्राणवायूत लिटरला एका मिलिग्रॅमपेक्षा जास्त घट होऊ द्यायची नसेल, तर याच पिंजऱ्यात सेकंदाला दोनेक सेंटिमीटर वेगाने पाणी आत शिरलं तरी भागतं. मागणी फार नाही. पण ती जाळीच्या आतल्या वेगाची मागणी आहे, आणि उष्ण पाण्यात जाळीवर काही आठवड्यांत शेवाळ, शिंपले, बार्नेकल चिकटून भोकं बुजतात. बाहेर प्रवाह आणि आत डबकं, असं होतं. उलट बाजूने, प्रवाह दुप्पट झाला की जाळीवरचा ओढा जवळपास चौपट होतो, जाळी चेपते, माशांना जागा कमी पडते, नांगर सरकतात. फार कमी नको आणि फार जास्तही नको.

‘पाणी उबदार म्हणून मासे झपाट्याने वाढतील’ हा समज इतका पसरला आहे की त्यावर थांबायलाच हवं. तो खोटा नाही, अर्धा आहे. कोबिया हा उष्ण समुद्रातला मासा चांगल्या परिस्थितीत साधारण वर्षभरात चार-पाच किलोंचा होऊ शकतो, थंड पाण्यातल्या माशांत हा वेग दिसत नाही. पण ऊब एकटी येत नाही. पिंजऱ्याचं आजचं तंत्र नॉर्वेत १९७० च्या सुमारास सॅमन माशासाठी घडलं. तिथल्या १० अंशांच्या पाण्यात लिटरला सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. उष्ण पाण्यात तो दोन तृतीयांशच मावतो आणि माशाची भूक, हालचाल, श्वास सगळं वाढलेलं असतं. उत्पन्न कमी आणि खर्च जास्त, अशी माशाचीच अवस्था असते. परजीवींनाही ऊब मानवते. निओबेनेडेनिया नावाचा चपटा किडा माशाच्या कातडीला आणि डोळ्यांना चिकटतो. पाणी जितकं गरम, तितकं त्याचं जीवनचक्र आखूड. उपाय साधा, मासे काही मिनिटं गोड्या पाण्यात ठेवायचे. फक्त दहा टन मासे भर समुद्रात गोड्या पाण्यात कसे ठेवायचे, हे भागीदाराला विचारून बघा.

तो २०१७ चा अभ्यास मलाही माहीत आहे, ‘नेचर इकॉलॉजी अँड इव्होल्यूशन’ मध्ये आला होता. समुद्रातली सगळी मासेमारी जेवढे मासे पकडते, तेवढं उत्पादन समुद्राच्या ०.०१५ टक्क्याहून कमी जागेत निघू शकतं, हे त्यातलं गाजलेलं वाक्य. तो नकाशा जगाच्या पातळीवरचा आहे. २०० मीटरपेक्षा खोल पाणी, जहाजांचे मार्ग, संरक्षित क्षेत्रं वगळून उरलेल्या समुद्रात मासे किती वाढू शकतील, एवढंच तो सांगतो. तुमच्या खाडीच्या तोंडाशी पावसाळ्यात पाणी किती दिवस गोडसर राहतं, हे त्यात कसं असेल? आणि तो एक आकडा तुमचा मासा ठरवतो. जिताडा खाऱ्यातून गोड्यात सहज जातो, कोबियाला क्षारतेची अचानक मोठी घसरण सहसा झेपत नाही. पत्रात तुम्ही कोणता मासा हेच लिहिलेलं नाही. बोटुकली, म्हणजे पिंजऱ्यात सोडायची पिल्लं, कुठून येणार, तेही नाही. खाद्य हा सहसा एकूण खर्चातला सर्वांत मोठा भाग असतो, निम्म्याहूनही जास्त, त्याचा तर उल्लेखच नाही.

शेजाऱ्यांचाही नाही. फिलिपिन्समधल्या बोलिनाव इथे मिल्कफिशचे पिंजरे आणि कुंपणं परवानगीच्या मर्यादेच्या कितीतरी पुढे वाढत गेली. उरलेलं खाद्य आणि विष्ठा साचत राहिली. २००२ च्या सुरुवातीला तिथे सूक्ष्म शैवालाचा बहर आला, प्राणवायू घसरला आणि मासे मोठ्या प्रमाणात मेले. मोजूनमापून काम करणारा एखादा मालक त्यात असता, तरी वाचला नसता, कारण पाणी सगळ्यांचं एकच होतं. आज तुमच्या खाडीत एकही पिंजरा नसेल. तुमचा चालला तर पुढच्या वर्षी वीस असतील. शिवाय त्याच पाण्यात आज जाळी टाकणारे मच्छीमार आहेत. त्यांना कोणी विचारलं का? बऱ्याच ठिकाणी प्रकल्प लाटांनी नाही, या प्रश्नाने बुडतो.

पिंजरे कुठेच चालत नाहीत असं मी म्हणत नाही. ऑस्ट्रेलियाच्या किम्बर्ली किनाऱ्यावर कोन बे इथे जिताडा वाढवला गेला, तिथली भरती-ओहोटी प्रचंड, पाणी सतत बदलतं. पनामाच्या कॅरिबियन बाजूला कोबिया किनाऱ्यापासून दूर, खोल समुद्रात पाण्याखाली बुडवलेल्या पिंजऱ्यांत वाढवला गेला, आणि पनामा चक्रीवादळांच्या पट्ट्याच्या दक्षिणेला पडतो. अशा जागा शोधाव्या लागतात. भागीदाराच्या ओळखीची असणं, ही जागेची पात्रता नव्हे.

आता मुलीबद्दल. सहा महिन्यांच्या कोर्समधून जाळी धुणं, खाद्य टाकणं, मासे मोजणं शिकता येतं, आणि ते वाईट काम नाही. जागेची तपासणी त्यातून येत नाही. तिचा कल खरोखर तिकडे असेल, तर रस्ता ओळखीचाच आहे: प्रवेश परीक्षा, मग मत्स्यविज्ञान, सागरी जीवशास्त्र किंवा समुद्रविज्ञानात पदव्युत्तर पदवी. बाहेर जायची तयारी असेल तर स्कॉटलंडमधलं स्टर्लिंग विद्यापीठ आणि उष्ण किनाऱ्यांसाठी ऑस्ट्रेलियातलं जेम्स कुक विद्यापीठ ही या विषयातली जुनी नावं. ५८ टक्क्यांनी काही दारं बंद होतील, सगळी नाही. त्याआधी तिने संख्याशास्त्र पक्कं करावं, नकाशांचं एखादं सॉफ्टवेअर शिकावं, प्रवाहमापकाची महिनाभराची नोंद स्वतः वाचून बघावी. हे करताना कंटाळा आला, तर हे क्षेत्र तिचं नाही, आणि ते आत्ताच कळलेलं बरं.

काम कुणाकडे मिळतं? पैसे बुडण्याची भीती असलेल्या प्रत्येकाकडे: कर्ज देणारे, मत्स्यशेतीचा विमा उतरवणारे, पर्यावरण परिणामांचा अभ्यास करणाऱ्या सल्लागार संस्था, परवाने देणारी सरकारी खाती. यांना ‘नको’ म्हणू शकणारी माणसं हवी असतात आणि त्यासाठी ते पैसे मोजतात. तुम्हाला मात्र तीच गोष्ट मुलीत अडचणीची वाटते.

बोटीचं म्हणाल तर एक काय ते ठरवा. समुद्रावरच्या अहवालावर सही तिची हवी, पण समुद्रावर ती नको, हे कसं जमणार? उपकरणं बोटीतूनच उतरवावी लागतात, तळाचा गाळ बोटीतूनच काढावा लागतो, पहाटेचा प्राणवायू पहाटेच मोजावा लागतो. तिला पोहायला येतं का, बोट लागते का, हे प्रश्न योग्य आहेत, आणि ते मुलालाही विचारायला हवेत. सुरक्षा जाकीट आणि अनुभवी नावाडी द्या. बाकीची काळजी समुद्राची नसून लोकांच्या बोलण्याची असेल, तर तसं तिला स्पष्ट सांगा म्हणजे ती उत्तर देऊ शकेल.

तुमच्या प्रकल्पासाठी बाहेरचा तपासनीस नेमा, नफ्यात वाटा नसलेला. त्याची फी आधी द्या, निष्कर्ष काहीही येवो. मुलीला त्याच्या हाताखाली वर्षभर मोजणीला जाऊ द्या, सही त्याची राहील. तोपर्यंत निवृत्तीच्या रकमेला हात लावू नका.

भागीदार बहुधा म्हणेल, चला, एक छोटा पिंजरा टाकून बघू. टाका, हरकत नाही. त्यातून जाळी किती दिवसांत बुजते, परजीवी येतात का, चोरी होते का, बोटुकली टिकते का, हे कळेल. पण दोन-तीनशे मासे जगले म्हणजे दहा टन जगतील, असा अर्थ काढू नका. थोड्या माशांना कुठलीही खाडी पुरते. ती किती माशांना पुरते, हा हिशेब प्रवाह आणि प्राणवायूच्या वर्षभराच्या नोंदींवरूनच करावा लागतो. त्यासाठी थांबायला भागीदार तयार नसेल, तर त्याला एकट्याने पुढे जाऊ द्या.