मॉडेल बंद झालं, बिल वाढलं: छोट्या सॉफ्टवेअर कंपन्यांचे प्रश्न

प्रश्न: आम्ही तिघे मिळून दूध संकलन केंद्रांसाठी सॉफ्टवेअर करतो. ते केंद्रावरच्या कॉम्प्युटरवर चालतं आणि आठ वर्षं जुनं आहे. हल्ली प्रत्येक संस्थेचा सचिव विचारतो, ‘तुमच्यात एआय आहे का?’ सगळं नव्याने लिहून क्लाउडवर न्यावं का? (कागल, जि. कोल्हापूर)

उत्तर: एकदम नव्याने लिहू नका. तुमच्या जुन्या कोडमध्ये असे नियम दडलेले आहेत जे कुठल्याच कागदावर नाहीत. गाईच्या दुधाला ३.५ फॅट व ८.५ एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) आणि म्हशीच्या दुधाला ६.० व ९.० हा दराचा पाया सगळ्यांना ठाऊक असतो. पण त्याखाली गेल्यावर दर किती उतरतो, किलोचं लिटर करताना १.०३ ने भागायचं की नाही, पैसे कुठे पूर्णांकात घ्यायचे, पशुखाद्याची कपात आधी की अॅडव्हान्सची, हे प्रत्येक संस्थेत वेगळं असतं. नव्या कोडमध्ये यातलं एक जरी सुटलं, तर चूक तुमच्या नव्हे, दूध उत्पादकाच्या लक्षात येते. तीही बिलाच्या दिवशी, चार माणसांसमोर.

म्हणून आधी कसोटीचा माल गोळा करा. फक्त गाईचं, फक्त म्हशीचं, मिश्र, अशी पाच-सहा वेगवेगळ्या स्वभावाची केंद्रं निवडा. प्रत्येकाची दहा दिवसांची दोन पूर्ण बिलं, मूळ नोंदींसकट घ्या. नव्या कोडने तीच बिलं पैशापर्यंत जुळवून दाखवली पाहिजेत. फरक आला तर त्याचं कारण लिहून ठेवा. कधीकधी जुनंच चुकलेलं निघतं, आणि ते दुरुस्त करायचं की नाही हे संस्थेला विचारून ठरवावं लागतं.

मग बिलाचा हिशेब स्वतंत्र मोड्यूलमध्ये काढा. फॅट मोजणाऱ्या अॅनालायझरशी आणि वजनकाट्याशी बोलणारा भाग मात्र केंद्रावरच राहू द्या. प्रत्येक कंपनीचं यंत्र कॉम्प्युटरच्या सीरियल पोर्टवर (यंत्राची वायर जोडायच्या जागी) वेगळ्या क्रमाने आकडे पाठवतं. काटा तर सतत पाठवत असतो. तो स्थिर होण्याआधीचा आकडा उचलला की वजन चुकतं. सलग तीन वाचनं सारखी आल्यावरच नोंद घ्या. शिवाय संकलन सकाळी दोन तासांत उरकायचं असतं आणि तेवढ्यातच नेट जातं, त्यामुळे पावती नेटशिवाय निघालीच पाहिजे. नोंद आधी स्थानिक डेटाबेसमध्ये जाईल आणि नेट आल्यावर वर चढेल, अशी रचना ठेवा. प्रत्येक नोंदीचा ओळखक्रमांक केंद्रावरच तयार करा, म्हणजे तीच नोंद दोनदा पाठवली गेली तरी दूध दुप्पट होणार नाही. तारखेवर विसंबू नका. मदरबोर्डची बॅटरी संपलेले कॉम्प्युटर केंद्रांवर सर्रास सापडतात आणि ते सुरू होताना काही वर्षं मागे जातात. तारखेच्या जोडीला चढता अनुक्रमांक हवाच.

क्लाउडवर आधी फक्त बघण्यापुरतं न्या: उत्पादकाला मोबाइलवर स्वतःचं बिल दिसू दे. नंतर बॅकअप. दरपत्रक बदलण्याची सोय सगळ्यात शेवटी.

आता एआय. हिशेब त्याच्याकडे अजिबात देऊ नका. ‘या दहा दिवसांचं माझं बिल किती?’ असं कुणी बोलून विचारलं, तर ते समजून घ्यायला ते वापरा. उत्तराचा आकडा डेटाबेसमधूनच यावा. एखाद्याची फॅट गेल्या सात दिवसांच्या सरासरीपेक्षा अचानक ०.८ ने वर गेली तर सचिवाला इशारा मिळावा, ही सोय नक्की द्या, पण तिला साधी वजाबाकी पुरते. तिला एआय म्हणून विकायचं का, ते तुम्ही ठरवा.

प्रश्न: आम्ही निविदांची मराठी कागदपत्रं वाचून त्यांतल्या अटी, तारखा, अनामत रक्कम काढून देतो. सगळं एका परदेशी कंपनीच्या एआय मॉडेलवर उभं आहे. आता ते मॉडेल बंद होणार असल्याचा मेल आला आहे. शिवाय बिल दर महिन्याला वाढतंय, आणि आम्ही ग्राहकाला ठरावीक वर्षाचा दर देऊन बसलोय. (पिंपरी)

उत्तर: हे पुन्हा पुन्हा होणार आहे असं धरूनच चला. चॅटजीपीटीवाल्या ओपनएआयने टेक्स्ट-डाविंची-००३ हे मॉडेल ४ जानेवारी २०२४ ला बंद केलं. त्याची सूचना आधीच्या जुलैत, म्हणजे साधारण सहा महिने अगोदर दिली होती. तेवढ्या मुदतीत मॉडेल बदलता यावं, अशी तुमची मांडणी हवी.

मॉडेलला हाक मारणारा कोड एकाच फाइलमध्ये असू द्या आणि मॉडेलचं नाव सेटिंगमध्ये, आवृत्तीच्या तारखेसकट. ‘लेटेस्ट’ असं लिहिलंत तर एखाद्या सकाळी काही न बदलताही उत्तरं बदललेली दिसतील. दुसरी गोष्ट जास्त कष्टाची आहे आणि बहुतेक जण तीच टाळतात: दीडशे-दोनशे खऱ्या निविदा घेऊन त्यांची बरोबर उत्तरं निविदांचं काम जाणणाऱ्या माणसाकडून लिहून घ्या. त्यांत निम्म्याहून अधिक रोजच्या असाव्यात. बाकी तिरकी स्कॅन, शिक्क्याखाली गेलेल्या तारखा, मराठी-इंग्रजी सरमिसळ असलेल्या घ्या. जिथे विचारलेली गोष्ट कागदात नाहीच, अशाही हव्यात. तिथे ‘सापडलं नाही’ हेच बरोबर उत्तर, आणि मॉडेलं नेमकी तिथेच अनामत रक्कम मनाने लिहून मोकळी होतात. रकमा आणि तारखा प्रोग्रामने ताडून बघा, दुसऱ्या मॉडेलला विचारून नाही.

प्रॉम्प्ट, म्हणजे मॉडेलला लिहिलेली सूचना, जसाच्या तसा नव्या मॉडेलला चालेल, हे गृहीत धरू नका. नवं मॉडेल उत्तराआधी एखादं वाक्य जोडतं आणि तुमचं जेसन (प्रोग्रामला वाचता येणारा उत्तराचा ठरावीक साचा) मोडतं. साचा तपासा, एकदा पुन्हा विचारा, तरी जुळलं नाही तर ते काम माणसाच्या रांगेत टाका. दोन आठवडे थोडी कामं, समजा वीसातलं एक, दोन्ही मॉडेलांना द्या. ग्राहकाला जुन्याचंच उत्तर जाईल, फरक तुम्ही बघायचा.

आता बिल. दर उतरतायत हे खरंच आहे. मॉडेल मजकूर तुकड्यांत वाचतं, त्या तुकड्याला टोकन म्हणतात, आणि आपण पाठवतो ते इनपुट. मार्च २०२३ मध्ये जीपीटी-४ ला दहा लाख इनपुट टोकनांमागे ३० डॉलर पडत होते. जुलै २०२४ मध्ये आलेल्या जीपीटी-४ओ मिनीला ०.१५ डॉलर. दोन्हींची कुवत सारखी नाही, पण तारखा नि रकमा शोधायला दरवेळी मोठं मॉडेल लागतही नाही. मराठीचा हिशेब मात्र वेगळा करा, कारण देवनागरीला इंग्रजीपेक्षा जास्त टोकन लागतात. जीपीटी-४ओ आलं तेव्हा ओपनएआयनेच दिलेल्या नमुन्यात एका मराठी मजकुराचे ९६ टोकन ३३ वर आले होते. म्हणजे दर तोच ठेवून फक्त टोकन पाडण्याची पद्धत बदलली, तरी खर्च तिसऱ्या हिश्श्यावर येऊ शकतो. दरपत्रकं ताडताना स्वतःच्याच निविदा घालून टोकन मोजा.

समजा चाळीस पानांची निविदा, दहा हजार शब्द, शब्दाला चार टोकन: चाळीस हजार झाले. दहा लाखांना अडीच डॉलर दर असेल तर एका वाचनाला ०.१० डॉलर, डॉलर ९० रुपये धरला तर ९ रुपये. यात घाबरण्यासारखं काही नाही. पण ग्राहकाने वीस प्रश्न विचारले आणि प्रत्येक वेळी तुम्ही आख्खी निविदा पुन्हा पाठवलीत, की १८० रुपये. तुमचं बिल बहुधा इथेच फुगतंय. निविदा एकदाच वाचा, अटी काढून साठवा, पुढच्या प्रश्नांना फक्त संबंधित पानं पाठवा. परदेशी सेवेवर रिव्हर्स चार्जने, म्हणजे विकणाऱ्याऐवजी घेणाऱ्याने भरायचा, १८ टक्के जीएसटीही येतो. त्याचं क्रेडिट मिळतं, पण आधी रोख भरावा लागतो. महिन्याच्या पैशांच्या नियोजनात तो धरा. करार नूतनीकरणाला आला की दर पानांच्या हिशेबाने लावा आणि वरची मर्यादा घाला. अमर्याद वापराचं आश्वासन देऊन तुम्ही दुसऱ्याच्या दरपत्रकाची जोखीम अंगावर घेतली आहे.

प्रश्न: आमची ऑर्डर घेण्याची सगळी सेवा व्हॉट्सअॅपवर आहे. दरांचे नियम बदलल्यापासून नफा उरत नाही. (नाशिक)

उत्तर: १ जुलै २०२५ पासून दर संभाषणावर नाही, पोचलेल्या एकेका टेम्प्लेट संदेशावर (आधी मंजूर करून घेतलेल्या ठरावीक मजकुराच्या संदेशावर) लागतो. ग्राहकाने आधी लिहिलं तर त्यानंतरचे २४ तास साधी उत्तरं फुकट जातात. म्हणून पहिला संदेश त्याच्याकडून यावा: बिलावर, पिशवीवर क्यूआर छापा. ऑर्डरच्या टेम्प्लेटमध्ये ‘१० टक्के सूट’ घुसवू नका, तो संदेश जाहिरातीच्या महाग वर्गात जातो. ग्राहकांचे नंबर आणि ऑर्डरींचा इतिहास स्वतःच्या डेटाबेसमध्ये ठेवा. पर्याय म्हणून एसएमएसची डीएलटी नोंदणी (धंद्याचे एसएमएस पाठवण्यासाठी दूरसंचार कंपन्यांकडे करावी लागणारी नोंदणी) आजच करून घ्या; हेडर (पाठवणाऱ्याचं नाव) आणि टेम्प्लेट मंजूर झाल्याशिवाय संदेश जात नाहीत, त्यामुळे अडचण आल्यावर धावाधाव करून उपयोग नसतो.

प्रश्न: एआय कोड लिहून देतं, तर नवे पदवीधर कशाला घ्यावेत? (छत्रपती संभाजीनगर)

उत्तर: लिहिणारे कमी लागतील, तपासणारे नाहीत. मुलाखतीत कोड लिहायला सांगू नका. एआयने लिहिलेला, एक चूक असलेला शंभर ओळींचा कोड द्या आणि चूक शोधायला तासभर द्या. ज्याला ती सापडेल त्याला घ्या.

प्रश्न: मोठी कंपनी आमचं बिल १२० दिवसांनी देते. नव्या तंत्रात गुंतवायला पैसाच राहत नाही. (चाकण)

उत्तर: उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) केली आहे का? नसेल तर आज करा, फुकट आहे, आणि तो क्रमांक प्रत्येक बिलावर छापा. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचं देणं लेखी करार असेल तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत, करार नसेल तर १५ दिवसांत द्यावं लागतं. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, महिन्याच्या चक्रवाढीने व्याज लागू होतं. शिवाय २०२३ च्या वित्त कायद्याने आणलेल्या तरतुदीमुळे मुदतीत न दिलेल्या रकमेची प्राप्तिकरातली वजावट त्या कंपनीला प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत मिळत नाही. व्याजापेक्षा हा मुद्दा त्यांच्या लेखा विभागाला लवकर पटतो, विशेषतः फेब्रुवारी-मार्चमध्ये. थकलेल्या बिलाची सरकारी पोर्टलवर तक्रार करता येते, पण तिथे गेलात की तो ग्राहक बहुधा गेला. त्याआधी पुढच्या कामाची बिलं तुकड्यांत करा: ४० टक्के आगाऊ, ४० टक्के चाचणीला दिल्यावर, उरलेले सुरू झाल्यावर. आगाऊ रक्कम साफ नाकारणारा ग्राहक १२० दिवसांनीही रखडवतो, असाच अनुभव येतो.