ऑपरेटर टिकत नाहीत, काय करावं?

प्रश्न : भोसरी एमआयडीसीत आमचं २२ जणांचं सीएनसी (संगणकावर चालणाऱ्या मशीनवर) जॉबवर्कचं, म्हणजे इतर कंपन्यांचे पार्ट करून देण्याचं युनिट आहे. ऑपरेटर तीन-चार महिन्यांत सोडून जातात. पगार वाढवून पाहिला, उपयोग नाही.

उत्तर : आधी पहिला पगार तपासा. भरतीच्या वेळी ‘वीस हजार’ म्हणता. मूळ पगार व महागाई भत्ता मिळून १५,००० असेल, तर पीएफ १,८००, ईएसआय (कामगार विमा) १५० आणि व्यवसाय कर २०० वजा होऊन हातात १७,८५० येतात. नव्या मुलाला वाटतं, फसवलं. हा हिशेब रुजू व्हायच्या आधीच कागदावर लिहून द्या.

दुसरं कारण म्हणजे सहा महिने नुसतं लोडिंग-अनलोडिंग, म्हणजे मशीनवर जॉब लावणं-काढणं. काही शिकायलाच मिळत नसेल, तर शेजारचा हजार जास्त देतो म्हटल्यावर तो जाणारच. लोडिंग, टूल ऑफसेट (टूलच्या मापाची मशीनमधली दुरुस्ती), सेटिंग, प्रोग्रॅम अशा पायऱ्या ठरवा. प्रत्येक पायरीची मुदत आणि वाढ भिंतीवर लावा. शिकवणारा एकच ठेवा, त्यालाही थोडा भत्ता द्या. नाहीतर तो ऑफसेट मुद्दाम दाखवत नाही, हे सगळ्या शॉपफ्लोअरवर चालतं. जॉब रिजेक्ट झाला की सगळ्यांसमोर झापू नका, इन्सर्ट (टूलचं कापणारं पातं) झिजला होता का ते आधी बघा.

ओव्हरटाइम दुप्पट दरानेच द्या, कायदाच आहे. आणि सोडणाऱ्याचा हिशेब लटकवू नका, पीएफ पोर्टलवर सोडल्याची तारीख लगेच भरा. चहाच्या टपरीवर तुमच्या युनिटचं नाव तिथूनच खराब होतं.