सुनेचे पऱ्हे अन् सासूची पऱ्हाटी

प्रश्न : नमस्कार भाऊ, आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात, वर्धा नदीच्या काठाला. औंदा पोराचं लग्न झालं, सून भंडारा जिल्ह्यातली, साकोलीकडची. परवा ती म्हणे माहेरी पऱ्हे उपटायला मजूर भेटून नाही राहिले, तर आमच्या घरची म्हणे बाई गं, उभी पऱ्हाटी कोण उपटते, अजून बोंडं तरी लागू दे! अर्धा तास दोघी अशाच बोलत बसल्या. वरून सून म्हणते, मामाजी तुम्ही वऱ्हाडी, आम्ही झाडीचे. अन् आमचा साताऱ्याचा भाडेकरू म्हणतो तुम्ही सगळे विदर्भवालेच. खरं काय समजायचं?

उत्तर : काकाजी, सूनबाई बरोबर आहे. तुमचं वऱ्हाड म्हणजे विदर्भाची पश्चिम बाजू अन् तिची झाडी म्हणजे वैनगंगेकडचा पूर्वेचा धानाचा पट्टा. भाडेकरूचंही चुकलं नाही म्हणा, आपल्याला तरी सातारा अन् कोल्हापूर कुठं वेगळं करता येते! झाडीत पऱ्हे म्हणजे धानाची, म्हणजे भाताची रोपं, ती उपटून बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या शेतात, रोवणी करतात. काकूंची पऱ्हाटी म्हणजे कपाशी, हे तर तुम्हाला सांगायला नको.

आता शिवेचं. तुमच्या गावाजवळची वर्धा नदी हीच जुनी शीव. तुमच्या बाजूचं वऱ्हाड निजामाचं होतं, १८५३ मध्ये इंग्रजांनी कारभार हातात घेतला, अन् पलीकडं नागपूरकर भोसले, त्याच वर्षी डिसेंबरात तिसरे रघुजी वारस न ठेवता गेले अन् ते राज्यही खालसा झालं. दोघांचा संसार एकत्र झाला तो १९०३ मध्ये, वऱ्हाड मध्य प्रांताला जोडलं तेव्हा. म्हणून इकडं रयतवारी, शेतकरी सरळ सरकारला सारा भरे, तर तिकडं मधात मालगुजार, म्हणजे गावाचा सारा गोळा करून सरकारला भरणारा जमीनदार. मालगुजारी १९५१ मध्ये गेली पण मालगुजारांच्या ताब्यातले तलाव राहिले, त्यांना आता मामा तलाव म्हणतात. मामा म्हणजे माजी मालगुजारी बरं का, सुनेचे मामाजी नाही.

पण नदी म्हणजे काही भिंत नाही. वर्धा जिल्हा सरकारी कागदावर नागपूर विभागात, तरी आर्वीकडं जाऊन पाहा, कापूस तोच अन् बोलीही तुमच्यासारखीच. खरा फरक जाणवतो तो वैनगंगेकडं गेल्यावर. इकडची काळी माती बेसाल्टच्या खडकाची, ओल धरून ठेवते, म्हणून कापूस, तूर, ज्वारी. तिकडं खडक त्याहून कितीतरी जुना, काळी माती कमी, पण पाऊस दाबून. अकोला-बुलढाण्याकडं साधारण ७०० ते ८०० मिलिमीटर पडतो अन् गडचिरोलीत १३०० च्या वर, मग ते पाणी बोड्यांत, म्हणजे लहान तळ्यांत, अन् तलावात अडवायचं, बांध्यांत सोडायचं अन् धान घ्यायचा. त्यामुळंच तुमच्या घरी भाकर अन् सूनबाईला दोन्ही टाइम भात लागत असेल, त्यावरून भांडू नका.

वऱ्हाडही सगळं एकसारखं नाही, पूर्णेकाठच्या खारपाणपट्ट्यात विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही, पण ते पुन्हा कधी.

दिवाळीनंतर व्याह्याकडं एक चक्कर टाकाच. धान निघाला की झाडीत रात्रभर नाटकं चालतात, गडचिरोली जिल्ह्यातलं वडसा तर त्याचं मोठं ठिकाण, अन् लोक ब्लँकेट घेऊन पहाटेपर्यंत बसतात. काकू मात्र येतीलच असं वाटत नाही, तेव्हा तुमच्याकडं वेचणी ऐन जोरात असते.