आधी धुवायला शीक, मग पॉलिशचं बघू

गाडीला पॉलिश करायचं नवीन मशीन घेतलंस, हात शिवशिवत असतील. पण आठवडाभर ते खोक्यातच राहू दे. उन्हात बॉनेटकडे बघ. सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक ओरखडे दिसतील. ते बहुतेक रोज सकाळी कोरड्या फडक्याने धूळ पुसल्यामुळे पडलेत. ती सवय मोडली नाहीस तर कितीही पॉलिश कर, ते परत येणार. दोन बादल्या घे: एकीत शाम्पू, दुसरीत गाडी धुवायचा हातमोजा खळबळून घ्यायला साधं पाणी. बोअरचं पाणी गाडीवर वाळू देऊ नकोस, क्षारांचे पांढरे डाग बसतात.

धुतल्यावर हातात पातळ प्लास्टिकची पिशवी घालून पत्र्यावरून बोटं फिरव. खरखर लागली तर क्ले बार, म्हणजे रंगात रुतलेली घाण ओढून काढणारी मातीसारखी मऊ वडी, वापर, पृष्ठभाग चांगला ओला ठेवून. क्ले जमिनीवर पडला तर सरळ फेकून दे, अगदी नवा असला तरी.

आता मशीन. पॉलिश म्हणजे वरचा थर घासून काढणंच, आणि तो क्लिअर कोट, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, साधारण 40 ते 50 मायक्रॉनचा, केसापेक्षाही पातळ. म्हणून सावलीत, थंड पत्र्यावर, मऊ फोम आणि सौम्य पॉलिशनेच हातभर भागावर करून बघ. कडांना मास्किंग टेप लाव. माझ्या पहिल्या गाडीच्या दाराची कड मी टेपशिवाय घासली आणि खालचा प्रायमर उघडा पडला, अजून डोळ्यांसमोर आहे. नख अडकेल इतका खोल ओरखडा असेल तर त्याच्या मागे लागू नकोस.

शेवटी सीलंट, म्हणजे रंगाचं रक्षण करणारा लेप, आणि तो पावसाळ्याआधी.